धम्मवर्ग आणि शाळा: पंचशीलाबरोबर सामाजिक न्याय कसा शिकवायचा? (इयत्ता ५वी ते ९वी)

अत्तदीप
सर्वांना जयभीम. वर्षावासात (भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात) विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग घ्यायचा ठरतो आहे. आषाढी ते आश्विनी पौर्णिमा धरली तर साधारण १२ रविवार हाती येतात. मुलं ३०, पाचवी ते नववीची. वर्ग दीड तासाचा आणि शिकवणारे दोघं.

सध्या बहुतेक ठिकाणी चालतं ते असं: वंदना, त्रिशरण-पंचशील, एखादं भीमगीत, बाबासाहेबांनी धर्मांतरावेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचं पाठांतर आणि शेवटी प्रश्नमंजूषा. मुलं 'अदिन्नादाना वेरमणी' (न दिलेलं घेणार नाही) घडाघडा म्हणतात. पण पाच मिनिटांनी शेजारच्याचं कंपासपेटीतलं खोडरबर न विचारता उचलतात, आणि या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे त्यांच्या गावीही नसतं. दुसरी अडचण याहून मोठी आहे. शील म्हणजे 'शहाण्यासारखं वाग' इतकंच शिकवलं जातं. शाळेत झाडू कुणाच्या हाती जातो आणि वर्गात मागे कोण बसतं, हा प्रश्न त्यात येतच नाही.

हेच साहित्य जिल्हा परिषद शाळेतही वापरता येईल का, असं काही शिक्षक विचारत आहेत. जाणकारांनी लिहावं. तात्त्विक चर्चेपेक्षा कृती हव्या आहेत.

खडूफळा
पहिली गोष्ट, पाचवी ते नववी एकत्र बसवू नका. वंदना एकत्र घ्या आणि मग ५वी-७वी व ८वी-९वी असे दोन गट करा. शिकवणारे दोघं आहेत म्हणजे जमेल. एका गटात १८ पेक्षा जास्त मुलं झाली की कृती मोडते, चार मुलं बोलतात आणि बाकीची बघत बसतात.

दीड तास असा वाटावा: वंदना १० मिनिटं, आनापान (श्वासावर लक्ष) ५ मिनिटं, गोष्ट किंवा उतारा १५, कृती ३५, त्यावर बोलणं १५, वही १०. आनापान पाचच मिनिटं ठेवा. वीस मिनिटं डोळे मिटून बसवलं की सहावीतला मुलगा ध्यान करत नाही, चुळबुळ दाबायला शिकतो. डोळे मिटायची सक्तीही नको, समोर जमिनीवर नजर ठेवली तरी चालतं.

पंचशील म्हणताना 'सिक्खापदं समादियामि' या शब्दांवर थांबा. मी हे शिकण्याचं पाऊल स्वतःहून घेतो, असं ते आहे. वरून आलेली आज्ञा नव्हे. मुलांनी शील मोडलं की 'पाप लागेल' म्हणणारा शिक्षक या वर्गाचं निम्मं काम तिथेच बिघडवतो.

लहान गटाला सुरुवात 'अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्ता'ने करा. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं ६१वं सुत्त, म्हणजे उपदेश. बुद्ध आपला मुलगा राहुल याला भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवतात, ते फेकून देतात, भांडं पालथं घालतात, मग सुलटं करून रिकामं दाखवतात. जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नसेल तर श्रामण्य (भिक्षूपण) असं होतं. हे वर्गात तांब्या घेऊन करून दाखवा, बोलू नका. कृती झाल्यावर मुलांनाच विचारा काय दिसलं. पुढे त्याच सुत्तात आरशाचा दाखला आहे: कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघायचं, यातून मला त्रास होतो का, दुसऱ्याला होतो का, दोघांना होतो का. वहीत हे तीन रकाने आखून द्या, आठवड्याला एक प्रसंग.

आणि ती वही तपासू नका. तपासायला लागलात की मुलं तुम्हाला आवडेल ते लिहितात. ज्याला वाचून दाखवायचं असेल तो दाखवेल.

कलम_अठ्ठावीस
शाळेच्या प्रश्नावर. जि. प. शाळा पूर्णतः शासनाच्या पैशावर चालते. संविधानाच्या अनुच्छेद २८(१) नुसार तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणजे त्रिशरण, वंदना, प्रतिज्ञा म्हणून घेणं नाही. कुठल्याच धर्माचं नाही, आपलंही नाही. अनुदानित खाजगी शाळेत २८(३) लागतो: धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर मूल अज्ञान असल्याने पालकाची संमती लागते. तोंडी 'कुणाची हरकत नाही ना?' ही संमती नव्हे.

पण धर्मांविषयी शिकणं वेगळं. अरुणा रॉय प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला, धर्मांचा अभ्यास २८ मध्ये अडत नाही. व्यवहारातली कसोटी सोपी आहे. मुलांकडून म्हणवून घेता, हात जोडायला लावता, तर ते विहारात. वाचता, तुलना करता, प्रश्न विचारता, तर ते शाळेतही चालेल. राहुलचा तांब्या शाळेत चालेल. चवदार तळं, उद्देशिका, बुद्धाच्या संघात आलेल्या न्हावी उपालीची गोष्ट इतिहास म्हणून चालेल.

मुख्याध्यापकांना अगोदर एक पानी टिपण द्या: कोणता पाठ, कोणत्या इयत्तेच्या कोणत्या विषयाला जोडलेला, कोणती कृती. नागरिकशास्त्राचा पाठ जोडलेला असला की निम्मे आक्षेप उठतच नाहीत.

रोहिणीकाठ
मोठ्या गटासाठी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हा एकच पाठ दोन रविवार पुरतो. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधला प्रसंग मुलांना अगोदर सांगा. शाक्य आणि कोलीय दोघांची शेती रोहिणीच्या पाण्यावर. आधी दोन्हीकडच्या नोकरांमध्ये मारामारी होते. मग सेनापती शाक्य संघात (शाक्यांच्या सभेत) युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि उपसूचना देतो: आपण दोघं निवडू, कोलीयांनी दोघं निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि या पाचांनी तंटा मिटवावा. उपसूचना प्रचंड बहुमताने पडते, आणि याच तंट्यातून पुढे सिद्धार्थ घर सोडतो.

कृती अशी.

सामान: २ लिटरची बाटली, २०० मिलीचे १० पेले, एक बादली, चिठ्ठ्या. १८ मुलं धरा. चिठ्ठ्या काढून ६ शाक्य, ६ कोलीय आणि दोन्हीकडे ३-३ मजूर. मजुरांनाच पेले वाहायचे आहेत, पण संघात मत नाही. हे आधी सांगायचं नाही, मतदानाच्या वेळी सांगायचं.

पाणी १० पेले आणि प्रत्येक बाजूचं पीक जगायला ७ पेले हवेत. म्हणजे ४ पेल्यांची तूट. युद्ध केलं तर प्रत्येक बाजूचे ३ पेले बादलीत ओतायचे, उरतात ४. वाटाघाटीला १२ मिनिटं, मग दोन्ही संघांत स्वतंत्र मतदान.

मुलं साधारण तीन वाटांनी जातात. ५-५ वाटून घेतात आणि दोन्ही पिकं अर्धी जातात. काही पाळी लावतात, या हंगामात तुमचं पूर्ण पीक, पुढच्या हंगामात आमचं, आणि धान्य वाटून घेऊ. आणि काही गट खुशाल युद्ध करतात. युद्ध झालं तर होऊ द्या, तुम्ही मध्ये पडू नका. बादलीतलं पाणी डोळ्यांसमोर असतं, ते पुरेसं बोलतं. नंतर झाडांना घाला.

मजुरांना मत नाही म्हटल्यावर गलका होतोच. तिथेच थांबा. मार कुणी खाल्ला? मजुरांनी. ठराव कुणी केला? ज्यांना मत होतं त्यांनी. फळ्यावर दोन रकाने करा: 'कुणाला झळ' आणि 'कुणाचा निर्णय'. मग मुलांना त्यांच्या वस्तीतल्या तीन गोष्टी त्या रकान्यांत भरायला सांगा. नळाची वेळ, कचऱ्याची गाडी, शाळेची सहल. इथून पुढे तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

मधली_सुट्टी
रोहिणीकाठ, उत्तम. एक शंका आहे. नववीतलं कुणी ना कुणी विचारतंच, 'पुस्तकात तर म्हातारा, रोगी, प्रेत बघून सिद्धार्थाने गृहत्याग केला असं आहे. खरं काय?' तेव्हा?

रोहिणीकाठ
हा प्रश्न आला तर वर्ग यशस्वी झाला समजा. 'आपलं तेवढं खरं' असं सांगून तो मारू नका.

बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच हा प्रश्न ठेवला आहे. सिद्धार्थाने २९व्या वर्षी घर सोडलं. तोवर त्याने म्हातारा, आजारी माणूस आणि मृत्यू पाहिलाच नव्हता, हे पटण्याजोगं नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो मुलांना स्वतः वाचू द्या. दुसऱ्या बाजूने हेही सांगा की अट्ठकथांमध्ये (पाली भाष्यग्रंथांत) रोहिणीचा तंटा आहे, पण तिथे बुद्धत्वानंतर स्वतः बुद्ध मध्ये उभे राहून विचारतात, पाणी मोलाचं की माणसं? फळ्यावर तीन स्तंभ काढा: कथा काय सांगते, कोणत्या ग्रंथात आहे, त्या सांगण्याने गृहत्यागाचं कारण काय ठरतं. एकीकडे व्यक्तीचं दुःख, दुसरीकडे समाजातला कलह. त्यानंतर कालाम सुत्त काढा. केसपुत्तच्या लोकांना सांगितलेलं, ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतात म्हणून मानू नका. हे सुत्त सुट्या सुविचारासारखं भिंतीवर लावण्यापेक्षा इथे वापरलं की कामाला येतं.

सरळ_बोलतो
माफ करा, पण मला हे पटत नाही. बारा वर्षांच्या मुलाला आधी खरं बोलणं, मोठ्यांचा मान, व्यसनापासून दूर राहणं शिकवा. मत कुणाला आणि झळ कुणाला हे कॉलेजात शिकेलच की. धम्मवर्गाचा मोर्चा कशाला करायचा? पालक मुलं पाठवणार नाहीत.

खडूफळा
सरळ_बोलतो, पालकांचा मुद्दा रास्त आहे, त्यावर शेवटी लिहितो. पण 'आधी शील, मग न्याय' अशी फोड बुद्धाच्या शिकवणीत दिसत नाही. 'चक्कवत्तिसीहनाद सुत्त' (दीघ निकाय, २६वं) बघा. राजा गरिबांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढतं, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रं, शस्त्रांतून हत्या, हत्येतून खोटं बोलणं. पंचशीलातली तीन शीलं एका ओळीत मोडतात, आणि सुरुवात राजाच्या चुकीपासून होते. 'कूटदन्त सुत्ता'त तर पुरोहित राजाला सांगतो, चोरांना मारून चोरी थांबणार नाही, शेतकऱ्याला बी-बियाणं आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे.

याची कृती दहा मिनिटांची आहे. सात कार्डं करा: राजा मदत करत नाही, दारिद्र्य, चोरी, शिक्षा, शस्त्रं, हत्या, खोटं. कार्डं पिसून चार-चार मुलांच्या गटांना द्या आणि क्रम लावायला सांगा. बहुतेक गट 'चोरी' पहिल्यांदा ठेवतात, कारण घरी-दारी तसंच ऐकलेलं असतं. मग सुत्तातला क्रम वाचून दाखवा. मुलाला शील शिकवायचं आणि शील मोडायला लावणारी परिस्थिती झाकून ठेवायची, याला मी तरी अर्धवट शिकवणं म्हणेन.

अत्तदीप
याला जोडून कर्माचं. वर्गात हमखास येतं: 'तो गरीब जन्मला कारण मागच्या जन्मीचं काहीतरी.'

पिंपळपान
हे तण फार चिवट आहे, कारण ते मालिकांतून, घरातून, कधीकधी विहारातल्या प्रवचनातूनही येतं. दोन वचनं हाताशी ठेवा. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात (३.६१) बुद्ध म्हणतात, जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच असं मानलं तर माणसाकडे करण्यासारखं, टाळण्यासारखं काही उरतच नाही. आणि 'सीवक सुत्ता'त (संयुत्त ३६.२१) वेदनेची आठ कारणं सांगितली आहेत: पित्त, कफ, वात, या तिघांचा मेळ, ऋतू, आबाळ, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्म. आठांतलं एक!

मुलांना एक प्रसंग द्या. वस्तीतल्या नाल्याकाठच्या घरात मुलाला डेंग्यू झाला. आठांपैकी काय काय? मुलं ऋतू आणि आबाळ लगेच उचलतात. मग विचारा, आबाळ कुणाची चूक? नाला कुणी साफ करायचा होता? एका प्रश्नात कर्मसिद्धांत प्रवचनातून उठून नगरपालिकेत जातो.

शलाका
आता जे करू नये त्याविषयी. शिवाशिवीचं नाटक, म्हणजे अर्ध्या वर्गाला 'तुम्ही अस्पृश्य' म्हणून बाजूला बसवणं, वेगळा पेला देणं, हा प्रकार उत्साही शिक्षक करतात. कृपया करू नका. ज्या मुलाला हे शाळेत किंवा गावात खरंच सोसावं लागतं त्याच्यासाठी ते नाटक नसतं. आणि ज्याला सोसावं लागत नाही तो अर्ध्या तासात 'कळलं मला' म्हणून मोकळा होतो. दोघांचंही नुकसान.

त्याऐवजी उपाली घ्या. विनयपिटकात (संघाच्या नियमांच्या ग्रंथात) चुल्लवग्गात आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येला (भिक्षू व्हायला) आले, बरोबर त्यांचा न्हावी उपाली. राजपुत्रांनी स्वतःच म्हटलं, उपालीला आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. संघात ज्येष्ठता जन्मावर नव्हे, प्रव्रज्येच्या क्रमावर. यात 'उद्धार' कुणी केलेला नाही, नियम बदललेला आहे. मुलांना विचारा: तुमच्या वर्गातला कोणता नियम बदलला तर असं होईल? उत्तरं ठोस येतात. हजेरी नेहमी मुलांपासून सुरू होते. मॉनिटर पहिल्या बाकावरचाच असतो.

सुनीत थेराची गोष्ट सांगणार असाल तर थेरगाथेतून (भिक्षूंच्या स्वतःच्या गाथांतून) त्याच्याच तोंडून ऐकवा: 'नीचे कुलम्हि जातोहं, दलिद्दो अप्पभोजनो' (नीच कुळात जन्मलो, गरीब, पोटाला थोडंच). तो स्वतः बोलतो आहे. 'बिचारा सुनीत' असं तिसऱ्याच माणसाने सांगायला सुरुवात केली की वर्गात करुणेऐवजी दया पसरते आणि काही मुलांची मान खाली जाते.

मधली_सुट्टी
शलाका, मग रोहिणीच्या खेळात मजुरांना मत नाही, हेही तसंच नाटक झालं की.

शलाका
बारकाईने पकडलंत. फरक तीन आहेत. भूमिका चिठ्ठीने येते, शिक्षक कुणाला नेमत नाही. वंचना मताची आहे, स्पर्शाची किंवा अंगाची नाही. आणि आज जिवंत असलेल्या कुठल्याही जातीचं नाव त्यात नाही. तरी दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या पुन्हा काढा, म्हणजे कुणी दोन्ही रविवार मजूर राहत नाही. आणि खेळ संपल्यावर मजुरांना आधी बोलू द्या.

कलम_अठ्ठावीस
रोहिणीच्या त्याच प्रसंगात एक कायद्याचं टोक आहे. संघाने सिद्धार्थाला धमकी काय दिली? कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. महाराष्ट्रात २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, बहिष्कार टाकणं आणि टाकायला लावणं दोन्ही गुन्हा. नववीच्या मुलांना दोन्ही शेजारी ठेवून वाचायला द्या. जातपंचायत, गावकी, भावकी यांच्या बातम्या मुलांनी ऐकलेल्या असतात.

आणि बहुमताचा मुद्दा सोडू नका. शाक्य संघाचा ठराव रीतसर होता, बहुमताने होता, तरी अन्यायाचा होता. मूलभूत हक्क मतदानाने का काढून घेता येत नाहीत, हे समजावायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

शलाका
नाव घेतलंच आहे तर शलाकांची कृती देते. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या कामकाजाचा दाखला दिला होता: बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, गुप्त मतदान हे सगळं संघात होतं. विनयात ती रीत तपशिलाने आहे. आधी ज्ञप्ती म्हणजे प्रस्ताव मांडायचा. मग अनुस्सावन, तोच प्रस्ताव तीनदा विचारायचा. ज्याला मान्य त्याने गप्प राहावं, अमान्य असेल त्याने बोलावं. एकमत झालं नाही तर शलाका, म्हणजे काड्या वाटून मत. शलाका गोळा करणारा कसा असावा तेही सांगितलं आहे: छंद (पक्षपात), द्वेष, मोह, भय यांनी न झुकणारा, आणि कोणतं मत घेतलं, कोणतं राहिलं याचं भान असणारा.

मुलांच्या वर्गात 'गप्प म्हणजे मान्य' हा भाग वापरू नका. लाजऱ्या मुली आणि नवीन आलेलं मूल गप्पच असतात, आणि धीट चौघांचा ठराव सगळ्यांच्या नावावर लागतो. तीनदा विचारा, पण मग थेट शलाका.

आइसक्रीमच्या काड्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. ३० मुलांना ६० काड्या, ३० रंगवलेल्या आणि ३० साध्या. प्रत्येकाला दोन्ही द्या. एक काडी मतपेटीत, दुसरी शेजारच्या कापडी पिशवीत. एकच काडी दिली तर हातातला रंग दिसतो आणि गुप्तपणा गेला. शेवटी दोन्हीकडच्या काड्या मोजून बेरीज ६० येते का बघा. नाही आली तर फेरमतदान. ही मोजणी मुलांनाच करू द्या.

विषय खरा हवा. सहल कुठे, वाचनकोपऱ्याला कोणती पुस्तकं, झाडलोटीची पाळी कशी. ठरलं ते पुढच्या रविवारी अमलात आलं पाहिजे, नाहीतर मुलं मतदानालाच हसतात.

पिंपळपान
झाडलोटीचं निघालं म्हणून. शाळेत करायची सर्वात उपयोगी कृती म्हणजे कामांची मोजणी. पाच दिवस, चार कामं: झाडणं, पाणी भरणं, पोषण आहार वाढणं, परिपाठाचं सूत्रसंचालन. प्रत्येक कामासमोर फक्त मुलगी की मुलगा आणि कितव्या बाकावरचं मूल एवढी खूण. नावं लिहायची नाहीत, जात तर अजिबात नाही. मुलांनी एकमेकांची जात विचारत फिरावं असं काहीही या वर्गातून निघता कामा नये. पाचव्या दिवशी स्तंभालेख काढा. झाडू मुलींकडे, माइक मुलांकडे, हे चित्र आपोआप उभं राहतं.

बिघडतं कुठे? मुख्याध्यापकांना ही आपल्याविरुद्ध तक्रार वाटते. म्हणून आधी सांगा आणि शेवट आलेखावर करू नका, हजेरी क्रमांकाप्रमाणे पाळीचा तक्ता बनवून द्या. तक्ता भिंतीवर लागला की काम झालं.

मोठ्या गटाला यापुढे 'सिगालोवाद सुत्त' द्यावं. सहा दिशांपैकी खालची दिशा नोकर-कामगारांची. मालकाची पाच कर्तव्यं: ताकदीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारपणात काळजी, गोडधोडात वाटा, वेळेवर सुट्टी. घरकाम करणाऱ्या मावशी, सफाई कामगार, वीटभट्टीवरचे मजूर यांपैकी कुणाशी तरी या पाच मुद्द्यांवर बोलून यायचं. काही मुलांच्या घरचेच लोक ही कामं करतात. तेव्हा उत्तरं वर्गात नावानिशी मांडायची नाहीत, पाच रकान्यांत फक्त हो-नाहीची बेरीज करायची.

सरळ_बोलतो
पाळीचा तक्ता आवडला, तो आमच्याकडेही लावता येईल. पण मूळ पंचशीलातली अवघड शीलं तुम्ही सगळ्यांनी वळसा घालून टाळली आहेत. पहिलं (जीवहिंसा), तिसरं (कामातला गैरव्यवहार) आणि पाचवं (नशापाणी). त्यावर बोला.

खडूफळा
बरोबर आहे, टाळली होती.

पहिलं शील. वर्ग बघता बघता शाकाहाराच्या प्रचाराकडे घसरतो आणि ज्यांच्या घरी मटण-मासळी शिजते ती मुलं खजील होतात. भिक्षूंसाठीही नियम 'न पाहिलेलं, न ऐकलेलं, न शंका आलेलं' असा होता ('जीवक सुत्त'), आणि मांस-मासे वर्ज्य करा ही देवदत्ताची मागणी बुद्धांनी मान्य केली नाही. बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा भेद केला. डब्यावर शेरे मारायचे नाहीत, हा वर्गाचा नियम पहिल्याच दिवशी लावा. पहिल्या शीलाखाली घ्यायचं ते मारहाण, रॅगिंग, कुत्र्यांना दगड मारणं.

तिसरं. लहान गटात हे शरीराच्या सुरक्षिततेचं शील म्हणून घ्या: माझं शरीर माझं, नको म्हणता येतं, सांगायला विश्वासाची दोन मोठी माणसं कोण. १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइन) क्रमांक पाठ करून घ्या, पंचशीलाइतकाच. मोठ्या गटात ताईंनी मुलींशी वेगळं बोलावं आणि मुलांशीही बोलावंच, मुलांना वगळलं की शील फक्त मुलींच्या वागण्यावर येऊन बसतं. एखाद्या मुलाने काही सांगितलं तर 'विहाराचं नाव खराब होईल' म्हणून आपसात मिटवायचं नाही. २०१२च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे.

पाचवं. 'ज्यांचे वडील दारू पितात त्यांनी हात वर करा' असं विचारणारे वर्ग असतात. बंद करा. घराऐवजी रस्त्यावर या. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. १० मीटरची दोरी घ्या, फाटकापासून नऊ वेळा टाका, वर दीड मीटर. चुन्याची खूण करा आणि आतल्या टपऱ्या मोजा. विदर्भात खर्रा, इकडे मावा. मुलांनी टपरीवाल्याशी बोलायचं नाही, हे निक्षून सांगा. मोजमापाचा कागद शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यायचा, पुढचं मोठ्यांनी बघायचं.

पिंपळपान
मैत्री भावनेबद्दल (सर्वांचं भलं चिंतण्याच्या ध्यानाबद्दल) एक धोक्याची सूचना. 'विशुद्धिमार्ग' या ध्यानग्रंथात क्रम असा आहे: स्वतः, प्रिय व्यक्ती, तटस्थ व्यक्ती, शेवटी वैरी. वर्गात ज्याला रोज चिडवलं जातं त्यालाच 'त्या मुलालाही सुखी होवो म्हण' असं सांगणारे शिक्षक हा क्रम उलटा करतात. आधी चिडवणं थांबवा. 'न हि वेरेन वेरानि' (वैराने वैर शमत नाही) ही गाथा तक्रार दाबायला वापरली जाते तेव्हा मुलाला एवढंच कळतं की धम्म बलवानाच्या बाजूचा आहे. वैर न धरणं आणि तक्रार करणं एकत्र जमतं. चवदार तळ्याचा लढा हे त्याचंच उदाहरण.

रोहिणीकाठ
तळ्याची पट्टी करायला हवी. भिंतीवर २ मीटर ८० सेंटिमीटरची कागदी पट्टी, एका वर्षाला २० सेंमी, १९२३ ते १९३७. खुणा: १९२३ मुंबई विधिमंडळात बोले ठराव, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ महाड नगरपालिकेचा तळं खुलं करण्याचा ठराव. २० मार्च १९२७ सत्याग्रह. डिसेंबर १९२७ न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम. १७ मार्च १९३७ उच्च न्यायालयाचा निकाल. सत्याग्रहापासून निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी.

पट्टीवर १९२४ ते १९२७ची जागा मुद्दाम रिकामी दिसते. विचारा, ठराव झाला होता, मग या ६० सेंटिमीटरमध्ये पाणी का मिळालं नाही? आणि मोठ्या मुलांना निकालाचं कारणही सांगा. वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे खटला भरणाऱ्या सवर्ण वादींना सिद्ध करता आलं नाही, यावर बाबासाहेबांच्या बाजूने खटला जिंकला. अस्पृश्यता चूक आहे असं न्यायालयाने त्यात म्हटलं नाही. ते म्हणायला १९५०चा अनुच्छेद १७ यावा लागला, आणि तळी, विहिरी, घाट यांचा उल्लेख १५(२) मध्ये शब्दशः आहे. पट्टीच्या शेवटी १५(२) चिकटवा.

मधली_सुट्टी
अवांतर: हंगेरीत शायोकाझा गावात रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा आहे, २००७पासून. रोमा मुलांना तिथेही वेगळ्या वर्गांत, वेगळ्या शाळांत बसवण्याचा इतिहास आहे. नववीच्या गटाला नकाशावर दाखवा. हा प्रश्न आपल्याच गावापुरता नाही, हे त्यांना एका नजरेत कळतं.

अत्तदीप
सर्वांचे आभार. १२ रविवारांत बसवायचं तर लहान गट: राहुल २, उपाली-सुनीत २, आठ कारणं १, कार्डांची साखळी १, कामांची मोजणी २, शलाका २, शरीराची सुरक्षितता १, दोरी १. मोठ्या गटाला राहुलऐवजी रोहिणी २, कार्डांऐवजी सिगालोवाद १ आणि आठ कारणांऐवजी चवदार तळं १. खडूफळा, पालकांचं राहिलं.

खडूफळा
हो. पहिल्या रविवारच्या आधी पालकांची अर्ध्या तासाची बैठक घ्या, भाषण नको. रोहिणीचा खेळ त्यांनाच खेळायला लावा, लहान स्वरूपात, सहा-सहा जणांत. मोठी माणसं मुलांपेक्षा लवकर युद्ध करतात, मग त्यांना वेगळं पटवावं लागत नाही. दुसरं, बावीस प्रतिज्ञांच्या पाठांतराचा आग्रह पालकांकडून येईल. करू द्या, पण १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतराचा संदर्भ आणि प्रत्येक प्रतिज्ञा कशाला उत्तर म्हणून आली हे सांगूनच. वर्गात इतर धर्मांची मुलं येत असतील तर त्यांना म्हणायला लावू नका.

आणि काड्या रंगवायच्या तर आदल्या रविवारीच रंगवा. पोस्टर कलर ओला राहिला की पेटीत एकमेकींना चिकटतात आणि मोजणीत ६० भरत नाहीत.